कै. भिमाजीआप्पा आणि जांभूळमळ्याचे बिबटे

भिमाजीआप्पांना मी पहिल्यांदा श्रद्धांजली वाहिली, तेव्हा ते माझ्या शेजारी बसून शेंगा खात होते. मी माईकवर त्यांचे गुण सांगत होतो आणि ते टरफलं पिशवीत टाकत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्यापुढे मूठभर शेंगा धरल्या आणि म्हणाले, "घसा सुकला आसंल." शेंगांनी घसा आणखी सुकतो, पण मी घेतल्या.

हे असं का झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आमचा जांभूळमळा बोरी बुद्रुकच्या पुढे, कुकडी नदीच्या अंगाला आहे. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला डांबरी रस्ता आणि मध्ये आमची घरं. माझं तिथं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लोकांच्या विहिरीवरच्या मोटरी जळतात आणि माझं घर चालतं. मला राग लवकर येतो असं घरचे म्हणतात. मोटर पाण्यात बुडवून आणायची आणि वर "भरतभाऊ, आपोआप जळली" म्हणायचं, हे रोज ऐकलं तर कुणालाही येईल. कबड्डीच्या सामन्यांचं समालोचनही मीच करतो. माईक आणि कर्णे माझे आहेत. ते दुसऱ्या कुणाचे असते, तर मला कुणी बोलू दिलं नसतं.

मळ्यातली पोरं कबड्डी खेळायची ती भिमाजीआप्पांच्या खळ्यावर. मळणीचं यंत्र आल्यापासून खळं रिकामंच पडलं होतं. पोरांनी ते खेळायला मागितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बाजरी काय आता यायची न्हाई तिथं. तुमी या." एवढंच बोलले. आप्पा मुळात बोलतातच कमी. चेहऱ्यावरूनही काही कळत नाही. बैल विकला तेव्हा जसा चेहरा होता, तसाच नातवाच्या बारशाला होता.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ धरला आणि त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. आमच्या स्टॉपवर गेणभाऊचं चहाचं दुकान आहे. मळ्यातल्या बातम्या तिथूनच निघतात. गेणभाऊला दवाखान्यातून फोन आला की आप्पांचं काही खरं नाही. गेणभाऊला बातमी पूर्ण ऐकायची सवय नाही. त्यानं फोन ठेवला, दुकानाची फळी लावली आणि आप्पा गेले म्हणून सांगितलं.

नेमका त्याच दिवशी खळ्यावर रंगारी आला होता. पिंपळवंडीला मोठी स्पर्धा होती, आणि नाव नसलेल्या संघाला तिथं घेत नव्हते. पोरं डोळे पुसत होती, रंगारी ब्रश धुवून बसला होता. कर्णधार आदेश म्हणाला, "आता दुसरं कुठलं नाव टाकनार?" संध्याकाळपर्यंत बोर्ड तयार झाला : कै. भिमाजीआप्पा क्रीडा मंडळ, जांभूळमळा. जर्सी छापणाऱ्यालाही तेच कळवलं. तिकडे नारायणगावला आप्पा उठून बसले आणि त्यांनी मासवडी मागितली. मरणाऱ्या माणसाला मासवडी आठवत नाही, असं डॉक्टरांचंही मत पडलं.

आप्पा घरी आले ते थेट खळ्यावर गेले. आम्ही सगळे मागे उभे होतो. गेणभाऊ नव्हता. आप्पांनी बोर्ड वाचला. मग जवळ जाऊन पुन्हा वाचला. म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंय."

आदेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तो दुसऱ्या दिवशी पत्र्याचा तुकडा घेऊन नावापुढचं 'कै.' खरवडायला गेला. तेव्हा आप्पांच्या बायकोनं, सरूकाकूंनी, त्याला केरसुणी दाखवली.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. जिवंत माणूस मेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. सगळीकडेच मानतात, पण बाकीचे लोक हसून सोडून देतात. सरूकाकूंनी त्यावर पुढचा विचार केला होता. बातमी एकदा उठून खाली बसली, तर आयुष्य एकदाच वाढणार. पण बातमी बोर्डावर लिहिलेली असेल, जर्सीवर छापलेली असेल आणि गावोगाव माईकवरून सांगितली जात असेल, तर आयुष्य वाढतच राहणार. "उठलेली बातमी खाली बसू द्यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "खरवडलंस तर याद राख." आदेशनं पत्र्याचा तुकडा खिशात घातला.

तेव्हापासून आप्पा एकदाही आजारी पडले नाहीत. साधी सर्दी झाली नाही. मळ्यात तापाची साथ आली, माझ्या घरातले सगळे आडवे झाले, आप्पा उसाला पाणी देत होते. सरूकाकू माझ्याकडे बघून नुसती मान हलवायच्या. मी विजेचं काम करणारा माणूस, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण चालू मोटरला हात लावू नये, एवढं मला कळतं.

आप्पा स्वतः काय मानायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र एकही सामना चुकवला नाही. मैदानाच्या कोपऱ्यावर, खांबाला टेकून बसायचे. लोक ओरडायचे, "भिमाजीआप्पा! भिमाजीआप्पा!" तेव्हा बांधावरून कुणी हाक मारल्यावर करतो तसा त्यांचा हात थोडा वर व्हायचा. माझं समालोचन त्यांना पाठ होतं. "भिमाजीआप्पांचे तीन गडी बाद", "भिमाजीआप्पांवर लोण", "भिमाजीआप्पा आता बचावाच्या पवित्र्यात". पेपरात एकदा आलं : 'कै. भिमाजीआप्पा उपांत्य फेरीत'. ते कात्रण सरूकाकूंनी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

पिंपळवंडीच्या स्पर्धेत तर यजमानांनी आप्पांचा फोटो मागितला. आदेशनं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून नेला. त्या फोटोत आप्पांनाच काय, कुणालाच ओळखता येत नाही. फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि फुलं वाहायला रांग लागली. रांग लागली म्हणून आप्पाही उभे राहिले. त्यांनी फूल वाहिलं, नमस्कार केला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की भिमाजीआप्पांसारखी माणसं आता होत नाहीत. मग मला दोन शब्द बोलायला लावले. शेंगांचा प्रसंग तेव्हाचा. परतताना टेम्पोत आप्पा म्हणाले, "मानूस बरा व्हता म्हनायचा." आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. पण त्या दिवशी ते खूश होते. हे मला कळलं, कारण त्यांनी घरी जाताना वाटेत थांबून माझ्या बायकोला विचारलं, "काय भाजी केली?" असं त्यांनी त्याआधी कुणालाच विचारलं नव्हतं.

बाकीच्यांना हे सगळं मेल्यावर मिळतं आणि ऐकू येत नाही. आप्पांना ऐकू येत होतं. मला वाटतं, त्यांचं म्हणणं एवढंच होतं.

औंदा मात्र जुन्नर-आंबेगाव कबड्डी लीग निघाली. लीग म्हणजे स्पर्धाच, पण संघांच्या नावात काहीतरी फाडून खाणारं लागतं. समितीच्या बैठकीला मी आमच्या संघातर्फे गेलो होतो. अध्यक्षांनी नोंदणी केलेल्या संघांची नावं वाचायला घेतली. कै. अमुक, कै. तमुक, स्वर्गीय फलाणे, अमुकतमुक स्मृती. वाचता वाचता त्यांचा आवाज आपोआप खाली गेला आणि मागच्या दोघांनी टोप्या काढल्या. अध्यक्षांनी कागद ठेवला. म्हणाले, "ही लीग हाये का दुखवटा?" तिथल्या तिथं नियम झाला. दिवंगतांची नावं बंद. गावाचं नाव आणि पुढे प्राणी, पक्षी किंवा शस्त्र.

मी म्हणालो, "आमचे आप्पा जिवंत आहेत."

"मंग कै. कशाला लावलंय?"

मी खरं कारण सांगितलं. समितीनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा विषय घेतला.

खळ्यावर पोरांची बैठक झाली. आमचा सगळ्यात भारी चढाईपटू प्रबुद्ध. त्याला 'पँथर्स' हवं होतं. त्याचे आजोबा पोपटराव पँथरच्या चळवळीत होते, तेव्हापासून त्याच्या घरात त्या नावाला मान आहे. पण ते पिंपळवंडीनं आधीच घेतलं होतं. वाघ, सिंह, गरुड, चित्ता हे गेलेले. उरले होते ते मुंगूस, मोर आणि बिबट्या. आदेश म्हणाला, आपल्या उसात जो राहतो त्याचंच नाव घेऊ, निदान आपण त्याला बघितलंय. अशा रीतीनं आम्ही 'जांभूळमळा बिबटे' झालो.

आप्पांना सांगायला प्रबुद्ध आणि मी गेलो. प्रबुद्धनं मला पुढे केलं. आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बरं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आमच्या हातात नव्हतं," प्रबुद्ध म्हणाला.

"बरं म्हनलं ना." आणि त्यांनी वैरण टाकून झालेल्या गाईला पुन्हा वैरण टाकली.

समर्थकांचं मात्र 'बरं' म्हणून भागलं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी जे झालं त्यानं माझा फोन तापला. चाकणला कंपनीत असलेल्या पोरांना नवं नाव एक नंबर वाटलं. चाकणला राहून बिबट्या आवडणं सोपं आहे. ग्रुपचं नाव सकाळपासून बदलत राहिलं, संध्याकाळी कंटाळून कुणीतरी 'ग्रुप' एवढंच ठेवलं. भांडण ऐन रंगात असताना एकानं गुलाबाचं फूल टाकून शुभ सकाळ म्हटलं. त्यालाही लोकांनी विचारलं की तू कुठल्या बाजूचा. गेणभाऊनं आपली जर्सी परत केली. धुतली नव्हती.

मळ्यातल्या साळुबाईचं म्हणणं सगळ्यात रोखठोक होतं. मागच्या पावसाळ्यात तिची शेळी गोठ्यातून गेली होती. ती खळ्यावर येऊन आदेशला म्हणाली, "ज्यानं माझी शेळी खाल्ली, त्याच्या नावानं मी टाळ्या वाजवू?"

"काकू, ते नुसतं नाव असतंय," आदेश म्हणाला. "खरा बिबट्या येगळा."

"मंग खरी शेळी आनून दे."

आदेश खळ्यावरची रेष पुन्हा आखायला लागला. ती तरीही बराच वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. ग्रुपवर शेकड्यांनी मेसेज पडले, पण ही एक गोष्ट कुणी लिहिली नाही, मीसुद्धा नाही. आमच्याकडे दिवे लागल्यावर त्या प्राण्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते येतं. दिवसा हवं तेवढं म्हणा, पण तिन्हीसांज झाली की 'ते आलतं', 'जनावर दिसलं', एवढंच. लहान पोरंही असंच बोलतात. आणि लीगचे सामने संध्याकाळचे होते.

पहिला सामना तळेघरला होता, तो मात्र भर दुपारी, कारण तिथून संध्याकाळी परतायला गाडी मिळत नाही. गेणभाऊनं टेम्पो भरून माणसं नेली. आप्पा आले नाहीत. सामना अटीतटीचा झाला, आणि शेवटाकडे गेणभाऊला राहवलं नाही. तो उठला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "भिमाजीआप्पा!" सगळ्या टेम्पोनं त्याला साथ दिली. पंचांनी शिट्टी वाजवली. रद्द झालेल्या नावानं घोषणा दिल्यास समोरच्या संघाला एक गुण, असा पोटनियम होता. तो वाचलेला माणूस फक्त पंच. आम्ही त्या एका गुणानं हरलो. परतीच्या वाटेवर गेणभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.

गेणभाऊला वाटलं, निदान एका माणसाला तरी हे आवडेल. त्यानं दुसऱ्या दिवशी आप्पांना दुकानावर बोलावून चहा दिला आणि सांगितलं, "एक गुन गेला आप्पा, पन तुमचं नाव घेतल्याबिगर ऱ्हायलो न्हाई."

आप्पांनी चहा तसाच ठेवला आणि उठून गेले.

मग सरूकाकू माझ्या दुकानात आल्या. मी एका मोटरीची तार उकलत होतो. त्या पायरीवर बसल्या. आधी माझ्या बायकोची चौकशी केली, मग पावसाची. मग म्हणाल्या, "बोर्ड पुसला त्या दिवसापासनं खोकत्यात. भाकरी आर्धी खात्यात. काल म्हनले, माझ्या नावानं पोरं हरली. भरता, ते नाव परत लाव. न्हाईतर हे आता ऱ्हात न्हाईत."

"काकू, तसं काही नसतं."

"तुला काय म्हाईत? एवढी वर्सं कशानं ऱ्हायले मग?"

त्या रडत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी नियम सांगितला, समिती सांगितली. त्यांनी ते सगळं समितीइतक्याच शांतपणे ऐकून घेतलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी मोटरीचं झाकण इतक्या जोरात बंद केलं की माझंच बोट सापडलं. काकूंनी बोट बघितलं, हळद लाव म्हणाल्या आणि गेल्या.

दुसरा सामना आमच्या खळ्यावर, पिंपळवंडी पँथर्सविरुद्ध. साडेचारला सुरू व्हायचा तो पाहुण्यांची गाडी उशिरा आल्यानं दिवस कलल्यावर सुरू झाला. आप्पा आले आणि खांबाला टेकून बसले. अंगावर शाल होती आणि खोकत होते. सरूकाकू त्यांच्या मागे, एका हातात पाण्याची बाटली घेऊन.

पहिला डाव बरा चालला. ऊन होतं तोवर लोक "बिबटे, बिबटे" म्हणत होते. उत्साह नव्हता, पण म्हणत होते. मध्यंतराला हॅलोजन लागले. घराघरांत देवापुढे दिवे लागले. आणि दुसरा डाव सुरू झाला तेव्हा आमच्या बाजूला एकदम सामसूम झाली. कुणी ठरवलं नव्हतं. तीन बाजूंना ऊस, अंधार पडलेला आणि पायाशी लहान पोरं. त्या नावानं ओरडणार कोण? जुन्या नावानं ओरडावं तर गुण जाणार. लोक नुसते बसून राहिले, काहींनी टाळ्या वाजवून बघितल्या.

पलीकडे पिंपळवंडीची माणसं "पँथर्स! पँथर्स!" करून कान किटवत होती. प्राणी तोच, पण इंग्रजीत. आमच्या उसातल्या जनावराला इंग्रजी येत नाही, याबद्दल त्यांची खात्री दिसत होती.

मी माईकवर होतो. माझीही जीभ वळेना. "आपला संघ," मी म्हणालो, "आपल्या पोरांचा एक गडी बाद." मग एकदा चुकून "आपल्या जनावरांना एक गुण" असं गेलं. पोरांनी माझ्याकडे रागानं बघितलं. ती बघता बघता खचली. एकामागोमाग एक बाहेर येऊन बसू लागली. प्रबुद्ध चढाईला निघाला आणि रेषेवर थांबून त्यानं आमच्या बाजूला बघितलं. एवढी सगळी माणसं आपल्या घरची, आणि एकाच्याही तोंडून हाक नाही. त्याचा चेहरा मला बघवेना.

तेव्हा आप्पा उठले. शाल खाली पडली. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. बैलांवरसुद्धा नाही.

"बिबट्या!" आप्पा ओरडले. "जा रं बिबट्या! धर त्यास्नी!"

सगळं खळं उसाकडे बघायला लागलं. पिंपळवंडीची माणसंही गप्प झाली. सरूकाकूंच्या हातातली बाटली खाली पडली. उसातून काही आलं नाही. आप्पा पुन्हा ओरडले, त्यांना खोकला आला, तो थांबल्यावर तिसऱ्यांदा ओरडले. आपल्या नावाच्या जागी जे नाव आलं होतं, तेच ते घसा फाटेपर्यंत घेत होते. मी त्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखतो आणि मला तो तेव्हा कळला.

"बिबट्या!" दुसरी हाक साळुबाईची होती. "मुडद्या, माझी शेळी खाल्लीस ना, आता खेळ की!" त्यानंतर कुणी राहिलंच नाही. गेणभाऊ ओरडला, बाया ओरडल्या, मी माईकवर ओरडलो, कर्णा चिरकला. प्रबुद्ध दोन गडी घेऊन आला. मग आदेशनं त्यांच्या चढाईपटूची पकड केली.

सामना बरोबरीत सुटला. दोन्हीकडचं जनावर तेच असल्यानं मला हा निकाल योग्य वाटला.

माणसं पांगायला लागली तेव्हा पिंपळवंडीचा कर्णधार टॉवेल खांद्यावर टाकून आप्पांजवळ आला. मी तिथंच वायर गुंडाळत होतो. त्यानं आप्पांच्या पाया पडून विचारलं, "बाबा, आवाज लई भारी. तुमच्यामुळं आमचा हातातला सामना गेला. नाव काय तुमचं?"

आप्पा खाली पडलेली शाल उचलायला वाकले. कर्णधाराला वाटलं ऐकू आलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "न्हाई, आदी ही टीम त्या भिमाजीआप्पांच्या नावानं व्हती ना? आमच्याकडं फोटोला हार घातला व्हता आमी. तुमी वळखत व्हता त्यांना?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "चांगली वळख व्हती."

"कवा वारले?"

"औंदाच गेले."

चेहरा नेहमीसारखाच. पण ते बोलून झाल्यावर त्यांनी शाल अंगावर ओढून घेतली आणि ती नीट करायला त्यांना फार वेळ लागला. माझ्या हातातली वायर तशीच राहिली.

सरूकाकू मागेच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर आप्पांना बोलतील. त्यांनी खाली पडलेली बाटली उचलली. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"भरता, माईक चालू हाये का रं?"

"आहे. का?"

"मग माईकवर सांग की. ह्यांनी ह्या एकट्यालाच सांगितलं. त्या बाकीच्यांना कुठं ऐकू गेलं? गाडीत बसायच्या आत सांग, म्हंजी पिंपळवंडीपोतर जाईल."

"काकू, समोर उभ्या असलेल्या माणसाचं कसं सांगू?"

"आदी कसं सांगत व्हतास?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि बारीकशी मान हलवली. मी माईक हातात घेतला. सांगितलं की जांभूळमळ्याचे भिमाजीआप्पा, ज्यांनी पोरांना आपलं खळं दिलं, आपलं नाव दिलं, ते आपल्यातून गेले. एवढं बोलून मी माईक बाजूला धरला. मला रडू आलं होतं, आणि ते खरं होतं, त्यामुळे बातमीही पाहुण्यांना खरीच वाटली. पिंपळवंडीची पोरं गाडीत चढता चढता खाली उतरली आणि माना खाली घालून ओळीनं उभी राहिली. मग आमचीही माणसं उभी राहिली, कारण पाहुणे उभे असताना बसून राहणं बरं दिसत नाही. आप्पाही हात जोडून उभे राहिले.

सरूकाकू मात्र खांबापाशी आरामात बसून होत्या. त्यांना दुखवटा पाळायचं काही कारण नव्हतं.